गफूर मिस्त्रीचा चौथा सिलिंडर

गफूर मिस्त्रीनं मला फसवलं. कापसाचा सबंध एक हंगाम फसवलं, आणि तेही माझ्यासमोर, भर उन्हात, माझ्याच गाडीचं बॉनेट उघडून. मी फसणाऱ्यातला माणूस नाही. डोक्यावर गठ्ठे वाहून मी बैलगाडी केली, बैलगाडीवरून पिकप ट्रकवर आलो. परभणीच्या मोंढ्यात माझ्याशी भाव करायचा म्हटलं की आडते आधी तांब्याभर पाणी पितात. अशा माणसाला या मिस्त्रीनं झुलवलं, म्हणून लिहून ठेवतो.

जिंतूर रोडला लिंबाच्या झाडाखाली त्याचं दुकान. दुकान म्हणजे चार पत्रे आणि सांडलेलं ऑइल. गाडी नेली की तो बॉनेटला हात लावायचा नाही. आधी गिऱ्हाइकाला विचारायचा, "तुमी सांगा, काय झालंय?"

तुम्ही भोळेपणानं "प्लग गेला असेल" म्हणालात की संपलं. "पलग? पलग कायकू जाईंगा? त्यानं काय घोडं मारलं तुमचं?" मग तुम्ही घाबरून कॉइल म्हणायचं, की तो लगेच कॉइलचं वकीलपत्र घ्यायचा. असं भांडता भांडता त्याचे हात चालू व्हायचे आणि दोष सापडायचा. भांडणाशिवाय त्याचं डोकं चालतच नसे. एकदा पोखर्णीचे एक पाटील जीप घेऊन आले. सज्जन माणूस. मिस्त्री म्हणेल त्याला "हौ, हौ" करायला लागले. मिस्त्रीनं पाना खाली ठेवला.

"पाटील, हात जोडतो. हौ म्हणू नका. हौ बोलनेवाले के सामने अपना दिमाग बंद पडता."

माझी पिकप मी चारठाण्याच्या एका देशमुखांकडून घेतली. ती 'मिशिंग' करायची. चार सिलिंडरपैकी तीन ओढायचे आणि एक नुसता सोबतीला. तीन भाऊ नांगर धरणार आणि चौथा बांधावर बसून बिडी ओढणार, तसं. त्याच दोषावर बोट ठेवून मी देशमुखांना असं खाली आणलं की शेवटी ते म्हणाले, "न्या बाबा, पण उठा." मिशिंग काय, मिस्त्री तासाभरात काढील, असा माझा हिशेब.

रिकामी गाडी झकास पळायची. कापूस भरला की जिंतूरकडच्या चढाला खोकायची आणि बसायची. जिनिंगवाल्यांनी सांगून टाकलं होतं, माल वेळेवर आणा, नाहीतर काम दुसऱ्याला. बोरीचा एक ट्रकवाला त्यावर टपूनच होता.

मिस्त्रीनं पहिल्याच दिवशी चोर पकडला. इंजिन चालू ठेवून पेचकसानं एकेका प्लगचा करंट तोडला. पहिल्याला इंजिन अडखळलं. दुसऱ्याला, तिसऱ्याला तसंच. चौथ्याचा तोडला, तर इंजिनाला पत्ताच नाही.

"ह्यो बगा हरामखोर!" मिस्त्री खूश झाला. "असला काय अन् नसला काय!"

मग त्यानं चौथ्याचा प्लग बदलला. वायर बदलली. डिस्ट्रिब्यूटरची टोपी बदलली. पॉइंट घासले. शेवटी कार्बुरेटरसुद्धा खोलला. दर खेपेला मी माल भरायचा, चढाला अडकायचं आणि परत येऊन बोंब मारायची.

"सेठ, तुमी कापसाचं बोला. लोखंडाचं माज्यावर सोडा."

"लोखंड तुझं रे! पण कापूस माझा जायलाय ना!"

समोरचा चहावाला लिंबाजी आमचं ऐकायला स्टोव्ह बारीक करायचा. म्हणायचा, "सेठ, उद्या बी येणार न्हवं? पाव्हणे हायेत घरी, त्यांना बी आणतो."

आणि एक दिवस काम बोरीवाल्याला गेलं. मी पेटून दुकानावर आलो. मिस्त्री दुसऱ्या एका ट्रकवर वाकला होता. तोही मिशिंगवालाच. त्यानं प्लग काढला, भोकावर अंगठा दाबला आणि ड्रायव्हरला हँडल मारायला लावलं. आतल्या हवेनं अंगठा फट्‌कन उडवला. वॉल, म्हणजे आतली झडप, जळालेली असती तर हवा निसटली असती आणि अंगठा जागचा हलला नसता.

"दम हाय. वॉल चांगला हाय. करंट बगू."

चहा निवायच्या आत तो ट्रक दुरुस्त होऊन गेला. मी मात्र जागीच उभा. माझ्या गाडीला ह्यानं सगळं केलं होतं, पण चौथ्या सिलिंडरला अंगठा एकदाही लावला नव्हता!

मी बॉनेट उघडलं, पाना घेतला, चौथा प्लग काढला. "मार हँडल!" म्हणून लिंबाजीवर ओरडलो आणि अंगठा टेकवणार, तोच मिस्त्रीनं मनगट धरलं.

"नक्को, सेठ."

"का? वॉल जळालाय ना? बोल!"

"सत्तार बी हेच बोलला होता."

सत्तार त्याचा धाकटा भाऊ. दुकान दोघांचं होतं, हे मला तेव्हा कळलं. माझी पिकप देशमुखांच्या काळात इथंच यायची. सत्तार म्हणायचा वॉल जळालाय, गफूर म्हणायचा करंट कमी पडतोय. दोघं जेवतानाही त्यावरच भांडायचे. ते चालू असतानाच निजामावर पोलीस ॲक्शन झाली, आणि पुढं सत्तार बायकापोरं घेऊन कराचीला निघाला.

"मोटारीत बसला तवा मी बोललो, करंटच हाय. त्यानं खिडकीतून मुंडी काढली. बोलला, वॉल. मोटार गेली." मिस्त्री माझं मनगट सोडेना. "अंगठा लावला की भांडण मिटलं, सेठ. मग त्याच्याशी काय बोलू?"

मी प्लग परत बसवला, आवळला. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "करंटच असेल."

"कशावरून?" तो उसळला. "तुमाला काय कळतंय करंटमधलं?"

गाडी अजून तिघांवरच चालते. अर्धा माल भरतो आणि सपाटीची गावं धरतो. पण माझा हंगाम बुडाला, आणि त्याचा जाब मला पाहिजे. गफूरकडून नको. कराचीत कुठल्यातरी दुकानात सत्तार मिस्त्री गाड्या खोलत असेल. कुणाच्या ओळखीचा असला तर त्याला माझा निरोप द्या. खिडकीतून एक शब्द टाकून निघून जायचं, ही कुठली रीत? परवाना काढ, परभणीला ये, आणि चौथ्या सिलिंडरवर तुझा अंगठा तूच लाव. हँडल मी मारतो.