घर आणि पाहुणे

दिवस मावळला हे मला आकाशाकडे न बघता कळतं. मोबाइलमध्ये वायफायची यादी उघडायची. तिच्यात 'घर' आणि 'पाहुणे' अशी मराठीत लिहिलेली दोन नावं एकाखाली एक असतात. सूर्य बुडाला की दोन्ही एकदम नाहीशी होतात. शेजारच्या हिवराजकाकांनी गेट बंद केलेलं असतं.

गेट म्हणजे त्यांचा राउटर. काकांच्या पूर्वजांनी गावाकडचा तलाव बांधला. त्याचं पाणी कोणाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, कधी सोडायचं, हे काका सडक अर्जुनीला राहायला येईपर्यंत ठरवत होते. आता धानाच्या बांध्या गावाला आणि काका हायवेजवळच्या या घरात. पण सवय गेलेली नाही. राउटर त्यांनी माळ्यावर, घरातल्या सगळ्यांत उंच जागी बसवलाय, कारण "पाणी वरूनच खाली येते." रात्री गेट उघडं राहिलं तर पाणी चोरीला जातं, म्हणून संध्याकाळी बंद. आणि दोन नावांचाही कायदा आहे. जो या घरात राहतो तो 'घर'मध्ये. जो उद्या जाणार तो 'पाहुणे'मध्ये. काकूंचा सख्खा भाऊसुद्धा 'पाहुणे'.

पासवर्ड ते कोणाला सांगत नाहीत. स्वतः टाकतात, आणि टाकताना खोलीतल्या सगळ्यांना भिंतीकडे तोंड करून उभं करतात. काकूंनासुद्धा. काकू भिंतीलाच सांगतात, "एवढा संसार केला, अन् शेवटी मीच चोर."

मी इंग्रजी शाळेत शिकले, म्हणून काका मला नावाने हाक मारत नाहीत. कॉम्प्युटरचं काही बिघडलं की कंपाउंडवरून आवाज येतो, "ओ कॉन्व्हेंट! पाणी कुठी अडलं ते पाहून जा व!" मी जाते. मला फार बोलता येत नाही आणि काकांकडे कोणालाच बोलावं लागत नाही. तेच बोलतात.

त्या दिवशी मात्र हाक काकूंनी मारली, आणि त्यात गंमत नव्हती. "लवकर ये माय. त्या कॉम्प्युटरपायी बापलेकीत बोलणं बंद झालं."

बैठकीत दाराशी बॅग भरून ठेवलेली होती. पल्लवीताई, काकांची एकुलती एक लेक, लग्न होऊन रायपूरला गेलेली. माहेरी आली होती आणि दुपारच्या बसने निघणार होती. मांडीवर लॅपटॉप घेऊन ती ओठ आवळून बसली होती. समोर काका, आणि टेबलावर त्यांचा जुना कॉम्प्युटर. त्याच्या पोटातून आवाज येत होता. टक्. मग थोडं थांबून, टक् टक्.

"सकाळपासून असंच करून राहिला," काका म्हणाले. "एकदा बंद करून उघडतो. गेट फसलं की आपण तेच करतो." आणि त्यांचा हात बटणाकडे गेला.

"नको!" मी म्हणाले. एवढ्या मोठ्याने मी त्या घरात कधीच बोलले नव्हते. "काका, डिस्क जायला आलीये. बंद केला तर पुन्हा सुरू होईलच असं नाही."

हात तिथेच थांबला. पल्लवीताईने माझ्याकडे पाहिलं, आणि मला कळलं की तिला ही भीती आधीपासून होती.

त्या डिस्कवर फोटो होते. दर हंगामात तलावाचं गेट उघडलं की काका त्याच्याशेजारी पल्लवीताईला उभं करून एक फोटो काढायचे. ती फ्रॉक घालत होती तेव्हापासून, आणि इथे राहायला आल्यावरही गावाला जाऊन. मूळ फोटो वाळवीने खाल्ले. त्याआधी कोणी तरी स्कॅन करून दिलेले तेवढे या कॉम्प्युटरात उरले. ताईला ते रायपूरच्या घरी लावायचे होते. दुसरी प्रत कुठेही नव्हती.

"पेन ड्राइव्ह?" मी विचारलं, आणि लगेच पस्तावले.

काकू हसल्या, पण ते हसू नव्हतं. "दाखवा ना तिले, दाखवा."

पेन ड्राइव्ह घालायची सगळी भोकं काकांनी सिमेंटसारख्या पुट्टीने बुजवली होती. मागे कोणाच्या तरी पेन ड्राइव्हमधून व्हायरस आला, तेव्हाची ती कारवाई. "खेकडा पाळीले भोक पाडते," काका म्हणाले, "मग ते बुजवावं लागते का नाही?" तलावाच्या पाळीबद्दल, म्हणजे बांधाबद्दल, ते बरोबरच असावं.

इंटरनेटवर चढवावेत, तर रस्त्याच्या खोदकामात लाइन तुटलेली. उरला एकच मार्ग. राउटर चालू होता. दोन्ही कॉम्प्युटर त्याला जोडलेले होते, जुना वायरने, लॅपटॉप वायफायने. घरातल्या घरात एकातून दुसऱ्यात फोटो जायला इंटरनेट लागत नाही.

पण लॅपटॉपला जुना कॉम्प्युटर दिसतच नव्हता.

मी फोल्डर सगळ्यांसाठी खुला आहे का पाहिलं. होता. शेअरिंग चालू होतं. भिंत घालणारी फायरवॉल क्षणभर उघडून पाहिली, पुन्हा लावली. लॅपटॉपमधून जुन्याला हाक मारून पाहिली, उत्तर नाही. टक्. टक् टक्. बाहेर ट्रक जात होते आणि प्रत्येक ट्रकबरोबर टेबल थरथरत होतं. काकूंनी टेबलाच्या पायाखाली गोणपाट सरकवलं.

"जाऊ दे," ताई म्हणाली. "बस जाईल माझी."

"बस कशी जाईल? थांब ना," काका म्हणाले. "वरून सोडलेलं पाणी कुठी तरी अडून राहिलं."

मग मी जे आधी बघायला हवं होतं ते पाहिलं. नेटवर्कवरच्या प्रत्येक कॉम्प्युटरला आकड्यांचा एक पत्ता असतो, आणि एका घरातल्या पत्त्यांची सुरुवात सारखी असते. या दोघांची नव्हती. मी लॅपटॉपच्या कोपऱ्यात बोट नेलं. नाव आलं: 'पाहुणे'.

राउटर पाहुण्यांना बाहेरचं जग दाखवतो, घरातलं काही दाखवत नाही. त्यासाठीच ते वेगळं ठेवलेलं असतं.

मला ते मोठ्याने सांगायचं नव्हतं. पण ताई माझ्या खांद्यावरून वाचत होती.

"बाबा, माझा लॅपटॉप 'घर'मध्ये होता ना?"

काकांनी वर माळ्याकडे पाहिलं.

"मी पाहुणी झाली?"

"आता तूच सांग," काका माझ्याकडे बघत म्हणाले, जणू मी पंच होते. "जमीन दुसऱ्या तलावाच्या पाण्यावर गेली, तर ह्या तलावाचं पाणी तिले लागते का? नाही लागत. कायदा आहे. म्या थोडी केला." मग आवाज खाली आला. "लग्नानंतर पहिल्यांदा आली, तवाच बदलला. मले काय बरं वाटलं का?"

"आग लागो तुमच्या कायद्याले," काकू म्हणाल्या.

टक्. मग बराच वेळ काहीच नाही. आम्ही चौघंही त्या डब्याकडे बघत राहिलो. टक् टक्.

"बदला," मी म्हणाले. "काका, लवकर."

सवयीने मी आणि काकू भिंतीकडे वळलो. ताईही उठली.

"तू कुठी चालली?" काका म्हणाले. "बस. तूच टाक." आणि त्यांनी तिला पासवर्ड सांगितला, एकेक अक्षर, स्पष्ट. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. ऐकला. इथे लिहिणार नाही.

जुना कॉम्प्युटर लगेच दिसला. फोटो उतरायला लागले. मी पट्टी बघत होते. ती सरकायची, अडायची, पुन्हा सरकायची. एकेक चित्र उमटत होतं. फ्रॉकमधली पल्लवीताई गेटच्या चाकाला हात लावून. शाळेच्या गणवेशात. सायकल घेऊन. कॉलेजात, कंटाळलेल्या चेहऱ्याने. प्रत्येक फोटोत गेट तेच, ती थोडी उंच.

शेवटच्या दोन फोटोंत फक्त गेट होतं. पाणी वाहत होतं, आणि त्याच्याशेजारची जागा रिकामी होती. काकांनी कॅमेरा मात्र नेहमीसारखाच धरला होता, ती उभी राहील तेवढी जागा सोडून.

"हे दोन काऊन काढले, बाबा?"

"सवय," काका म्हणाले, आणि तिची बॅग उचलून बाहेर गेले.

ते बस स्टँडवरून परत यायच्या आतच डिस्क गप्प झाली.

संध्याकाळी मी यादी उघडली. सूर्य बुडाला. 'पाहुणे' गेलं. 'घर' तसंच होतं. बराच वेळ पाहिलं, तरी होतं. काका विसरले असतील असं वाटून मी कंपाउंडपाशी गेले. ते अंधारात ओट्यावर बसले होते.

"काका, गेट उघडं राहिलंय."

"माहीत आहे मले," ते म्हणाले. हायवेवरून एक बस गेली, ती पार दिसेनाशी होईपर्यंत त्यांनी पाहिली. "पोरगी पोचली नाही अजून."