धर्माकाका करवतीला कान लावतात

धसईच्या धर्माकाकांकडे करवत घेऊन गेलात, तर ते आधी करवतीची विचारपूस करतात, मग वाटलं तर तुमची. पात्यावर टिचकी मारायची, कानाशी धरायची आणि विचारायचं, "हिला कोन त्रास देतो रे?"

माझी करवत त्यांनी चार माणसांदेखत परत केली. "धार लावून उपेग नाय. चालवनारा तापट हाय."

ओसरी हसली. मुरबाडला स्वतःच्या हिमतीवर दारं-खिडक्यांचा कारखाना काढलेला माणूस मी. भडकून म्हणालो, "मग मलाच शिकवा."

"महिना लागंल."

"चार दिवस."

"म्हशाच्या जत्रेत बैल घेतोस काय?" असं म्हणत ते आठ दिवसांवर आले. सौदा मी जिंकला होता.

पहिले दोन दिवस कानस हातात मिळालीच नाही. नुसते दात बघायचे: एक डावीकडे झुकलेला, पुढचा उजवीकडे. तिसऱ्या दिवशी कानस मिळाली आणि मी सगळे दात भराभर एकाच बाजूने घासून टाकले. फळीवर चालवली, तर करवत रेषा सोडून पळाली.

"तुझ्यासारखीच झाली," काका म्हणाले. "आपल्याच बाजूला वढते."

मी कानस आपटली. त्यांनी ती चाचपून उचलली, पुसली, पुन्हा पुढे केली. "एक दात सोडून एक. मंग करवत फिरव, राहिलेले तिकडून."

आठव्या दिवशी माझी करवत सागाच्या फळीतून सरळ गेली. काकांनी कापावरून अंगठा फिरवला आणि आतून स्वतःची करवत आणली. "हिला धार लाव."

तिचे दात लहानमोठे होते, काहींना तर कानस लागलीच नव्हती. इतकं वाईट काम मीसुद्धा केलं नव्हतं. मी वर पाहिलं. काका माझ्याकडे बघत होते, पण नजर माझ्या खांद्याच्या जराशी पलीकडे.

"काका, माझी करवत परत का केलीत?"

"लय बारीक दात व्हते तिचे. बोटाला गावंनात," ते म्हणाले. "मानसं बसली व्हती. कायतरी बोलाया लागतं."

मी त्यांची करवत घासून त्यांच्या हातात दिली. टिचकी मारून त्यांनी बराच वेळ ऐकलं.

"आठ दिस झाले. आता नको येऊ."

"तुम्ही महिना म्हणाला होतात."

"आठ तूच केलेस."

"भावात चुकलो मी. महिना. एक दिवस कमी नाय."

काकांनी करवत मांडीवर आडवी ठेवली.

"मग सकाळी लवकर ये," ते म्हणाले. "ओसरीवर मानसं यायच्या आधी."