नमुना क्रमांक तीनचे तोंड

जगातल्या प्रत्येक जिवाला तोंड असते. ते केव्हा उघडावे आणि केव्हा मिटावे, याचे ज्ञान मात्र फार थोड्यांना असते. हे ज्ञान वाढावे म्हणून नाशिकला गंगापूर रोडच्या आतल्या अंगाला ‘मत्स्यमुख उत्क्रांती संशोधन केंद्र’ काढण्यात आले. नाशिकपासून समुद्र लांब आहे, म्हणूनच ही जागा योग्य ठरली. समुद्राकाठी मासे फार, आणि मासे फार असले की संशोधकांचे लक्ष उडते.

केंद्रात कर्मचारी चौदा आणि मासा एक. पूर्वी मासे तीन होते. पहिला पाणी बदलताना दगावला. दुसऱ्याबद्दल चौकशी चालू आहे. (चौकशीला आलेले साहेब त्या दिवशी आमच्याच उपाहारगृहात जेवले आणि रस्सा चांगला झाल्याचे लिहून गेले.) उरला नमुना क्रमांक तीन. ही रोहूची हातभर लांब मादी. तिला पहारेकरी खंडेराव ‘बायडाबाई’ म्हणे, कारण त्याची त्या नावाची आत्याही अशीच समोरच्याकडे टक लावून नुसती चावत बसायची.

या बायडाबाईच्या तोंडावर मंजुषाने पाच वर्षे काढली होती. मंजुषा सायखेड्याच्या वांगी-टोमॅटोवाल्या घरातली. घरच्यांना तिचे काम नीट कळत नसे. पण पोरगी सरकारी गाडीने जाते-येते, एवढे त्यांना पुरे होते.

तिचे शास्त्र तसे सोपे होते. फार जुन्या काळी माशांना जबडाच नव्हता. कोट्यवधी वर्षे ते चिखल चोखत गप्प जगले. कुणी कुणाला चावल्याची तक्रार नाही. पुढे कल्ल्यांना आधार देणारी एक कमान पुढे सरकली आणि तिचा जबडा झाला. म्हणजे श्वास घेण्यासाठी मंजूर झालेले साहित्य खाण्याकडे वळवण्यात आले. (निधी वळवण्याचे हे पहिले ज्ञात उदाहरण.) रोहूचे दात तोंडात नसतात, घशात असतात, कुणी घातलेले नव्हेत, जन्माचेच. तिला जठरही नसते. त्यामुळे ‘पोटासाठी करावं लागतं’ ही सबब ती सांगू शकत नाही, तरी दिवसभर खाते.

मंजुषाचा सिद्धान्त असा, की रोहू घासाच्या मागे धावत नाही. ती तोंड पुढे काढते, गालफडे फुगवते, आत जागा करते, आणि पाण्याबरोबर घास आपोआप आत येतो. माशाचे तोंड हे केवळ घेण्यासाठीच घडत आले आहे. संचालक डॉ. ललित पिंगळे यांना हा सिद्धान्त ऐकताक्षणी पटला. “मॅडम, आमच्या खात्यात हे पहिल्यापासून आहे. तुम्ही फक्त पाण्यात दाखवलंत,” असे ते म्हणाले.

तर अशा केंद्राला मुदतवाढ द्यावी की टाळे लावावे, हे ठरवायला वरून समिती येणार असल्याचे पत्र आले. अट एकच होती. समितीसमक्ष माशाने तोंड उघडावे आणि वेगवान कॅमेऱ्याने त्याचे चित्रण व्हावे. कॅमेरा पुण्याहून एका दिवसासाठी उसना मिळणार होता. तोंड न उघडल्यास केंद्र बंद, मंजुषाची बदली पेठ तालुक्यात भातावरची कीड मोजायला, आणि नमुना क्रमांक तीनची विल्हेवाट ‘प्रचलित पद्धतीने’. प्रचलित पद्धत उपाहारगृहाला पाठ होती.

बायडाबाई भुकेली असावी म्हणून मंजुषाने दोन दिवस आधी तिचे खाणे बंद केले आणि टाकीवर पाटी लावली: ‘उपवास चालू आहे. काही खाऊ घालू नये.’ शास्त्राच्या बाजूने तयारी चोख झाली.

पण नाशकात कुठलेही काम एकाच बाजूने सोडत नाहीत. पंचवटीत एक गुरुजी होते. संचालक त्यांच्याकडे गेले, लेखापाल सरिताताई गेल्या, खंडेराव गेला. सगळे गुपचूप गेले आणि प्रत्येकाला वाटले, आपण एकटेच आलो. गुरुजींनी सगळ्यांना एकच उपाय सांगितला, की मुक्या जलचराला गोळी घाला. पीठ तेवढे ग्रहाप्रमाणे वेगळे. आणि वर बजावले, की गंगेतल्या, म्हणजे आपल्या गोदावरीतल्या, माशाला घालू नका. वाहते पाणी ते, पुण्य पार जायकवाडीला जाते. पाणी तर आपण देतोच, पुण्य तरी नाशकात राहू द्या.

उभ्या पाण्यातला, ओळखीचा, एकुलता एक मासा कुठे आहे, हे केंद्रातल्या लोकांना सांगावे लागले नाही.

मंजुषाची आई नवसाबाई हिनेही समिती यायच्या आदल्या संध्याकाळी घरून फोन केला. “मंजे, तुझ्या उद्याच्या डब्याच्या पिशवीत गूळ घालून कणकेची गोळी ठेवलीय. तेवढी घाल तिला.”

“आई, मी त्या माशाची शास्त्रज्ञ आहे.”

“मग बरंच हाय की. वळखीच्या हातचं लवकर खाईल.”

“तिचा उपवास आहे.”

“उपवासाला गूळ चालतो.”

“आणि कणीक?”

“माशाला कोण इचारतंय? तू लय शिकलीस म्हणून असं बोलतीस. त्या पेठला जाऊन किडे मोजशील तवा आठवंल आई.”

मंजुषाने ती गोळी सकाळी वाटेत फेकून द्यायचे ठरवले. वाटेत फेकण्याजोगी जागा मिळाली नाही. (नाशिक स्वच्छ शहर आहे.) जागा मिळाली ती थेट टाकीजवळ. तिने इकडेतिकडे पाहिले, गोळी पाण्यात सोडली आणि हात रुमालाला पुसले. बायडाबाईने गोळी घेतली. तेवढ्यात मागे खंडेराव उभा.

“पाण्याचं तापमान बघत होते,” मंजुषा म्हणाली.

“बघा की. सकाळधरनं सगळेच बघून गेले.”

“सगळे म्हणजे?”

“आता नावं कशाला घ्यायची, ताई? तापमान ठीक हाय.”

समितीचे अध्यक्ष आदल्या दिवशीच देवदर्शनाला म्हणून पंचवटीत येऊन राहिले होते. पाहणीच्या दिवशी त्यांची संकष्टी. केंद्राने मागवलेली मिसळ त्यांनी हाताने दूर सारली आणि पिशवीतल्या डब्यातला राजगिऱ्याचा लाडू मोडून खाल्ला. मग, कामाच्या निष्ठेपोटी, टाकीची पाहणी त्यांनी एकट्याने केली. दार लावून घेतले होते.

अकरा वाजता सगळे टाकीभोवती जमले. कॅमेरा लागला, भिंतीवर मोठा पडदा लागला. मंजुषाने गांडूळ दोऱ्याला बांधून बायडाबाईच्या नाकासमोर सोडले. बायडाबाईने गांडुळाकडे पाहिले. मग समितीकडे पाहिले. तोंड उघडले नाही.

गांडूळ बदलले. दुसरे अधिक ताजे होते. बायडाबाईने पाठ फिरवली.

“मॅडम, तुमचा सिद्धान्त काय होता?” अध्यक्षांनी विचारले.

“घास समोर आला की मासा घेतोच, सर.”

“हा घेत नाही.”

“हो सर.”

“मग हा मासा आहे, याची खात्री केली आहे का?”

मंजुषाच्या एका डोळ्यापुढे पेठची भाताची खाचरे आली. एकेक रोप, त्यावर एकेक किडा. दुसऱ्या डोळ्यापुढे रश्शाचे पातेले आले. तिने काचेला हात लावला आणि “बाई, उघड गं,” असे पुटपुटली. ही संशोधनाची पद्धत कुठल्याही ग्रंथात नाही. अध्यक्षांनीही घड्याळ पाहून अंगठीने काचेवर टकटक केले.

आणि बायडाबाईने तोंड उघडले.

जबडा पुढे आला, गालफडे फुगली, सगळे सिद्धान्ताप्रमाणे झाले. फरक एवढाच, की आत काही गेले नाही, बाहेर आले. पडद्यावर सगळे शंभरपट सावकाश दिसत होते. पहिली गोळी पिवळी, बेसनात हळद घातलेली. पिंगळेसाहेबांनी चष्मा काढून पुसायला घेतला. मग काळे तीळ लावलेली उडदाची. सरिताताईंना पदर सारखा करावासा वाटला. मग बाजरीची.

“ही आपली,” खंडेराव मोकळेपणाने म्हणाला. सगळ्यांनी त्याच्याकडे असे पाहिले, जणू बाकीच्या गोळ्या आकाशातून पडल्या.

मग गूळ-कणकेची. नवसाबाईच्या तीन बोटांचे ठसे तिच्यावर पडदाभर उमटले होते. मंजुषा कॅमेऱ्याची वायर तपासू लागली.

सगळ्यात शेवटी, सावकाश गिरक्या घेत, राजगिऱ्याच्या लाडवाचा तुकडा आला. त्या दिवशी उपवास पाळणारा माणूस त्या इमारतीत एकच होता. अध्यक्षांच्याही पदाची मुदत त्या महिन्यात संपत होती, हे नंतर कळले.

अळीमिळी गुपचिळी.

“तोंड उघडलं,” अखेर अध्यक्ष म्हणाले. “अट तोंड उघडण्याची होती. दिशा अटीत नमूद नाही.” ठराव एकमताने मंजूर झाला. केंद्राला मुदतवाढ मिळाली, मंजुषाची बदली टळली, बायडाबाई पातेल्यातून वाचली, आणि त्याच आठवड्यात अध्यक्षांनाही मुदतवाढ मिळाली.

मंजुषाचा सिद्धान्त मात्र बुडाला. तिने पाच वर्षांचे लेखन बाजूला ठेवून नवे लिहायला घेतले: मासा तोंडातले निवडतो आणि नको ते परत करतो. घेतलेले परत करण्याची ही क्षमता पुढे जमिनीवर आलेल्या प्राण्यांत क्षीण होत गेली. केंद्राच्या परिसरात तिचे अवशेषही आढळले नाहीत.

पण शास्त्र कोण वाचतो? गावात एवढेच पसरले, की त्या माशाला गोळी घातली की काम होते. आता दर शनिवारी केंद्राच्या फाटकाबाहेर रांग लागते. प्रत्येक जण म्हणतो, आपला विश्वास नाही, घरच्यांसाठी आलोय. बायडाबाई गोळ्या घेते आणि संध्याकाळी एकेक करून परत देते. मंजुषा त्या वाळवून, चिठ्ठी लावून बरण्यांत ठेवते.

खिडकीजवळच्या बरणीत तुमची आहे. ज्वारीची, थोडा ओवा घातलेली. कार्यालयीन वेळेत ओळखपत्र दाखवून घेऊन जावी. गोळी सोडताना पाण्याकडे वाकून तुम्ही जे मागितलेत, आणि ज्याचे वाईट व्हावे म्हणून नाव घेतलेत, त्याची काळजी नसावी. नमुना क्रमांक तीनने त्या बाबतीत अजून तोंड उघडलेले नाही.