चौकोनातले मुजुमदार

मुजुमदारकाकांना त्यांचा पत्ता विचारायची सोय नाही. एकदा माझ्या देखत कुरिअरवाल्याचा फोन आला. "अंकलजी, लोकेशन बताओ," एवढंच तो बिचारा म्हणाला. काका खुर्चीतून उठून ताठ उभे राहिले.

"लिखो. एमएल सेव्हन टू डब्ल्यूएस."

"ये कौन सी कॉलनी है, अंकलजी?"

"कॉलनी नहीं है, भिया. ये पृथ्वी पे मेरी जगह है."

पार्सल अर्थातच परत गेलं. काकांना त्याचं काही वाटलं नाही. पृथ्वीवरची जागा माहीत नसलेल्या माणसाने आणलेलं पार्सल घ्यावं तरी कशाला, असं त्यांचं मत पडलं.

झालंय असं, की काका हौशी रेडिओवाले आहेत. म्हणजे सरकारी परीक्षा देऊन, परवाना काढून, घरच्या सेटवरून जगभरच्या अनोळखी माणसांशी बोलणारे. या मंडळींनी सगळ्या पृथ्वीवर चौकोन आखून ठेवले आहेत आणि प्रत्येकाला दोन अक्षरं, दोन आकडे असं नाव दिलं आहे. एकेका चौकोनात दोन-चार जिल्हे सहज मावतात. त्याच्या पोटात पुन्हा बारके चौकोन. आपण नाणी किंवा तिकिटं जमवावीत तसे हे लोक चौकोन जमवतात. अमक्या चौकोनात बसलेल्या माणसाशी बोलणं झालं, की तो चौकोन मिळाला. मग ज्या चौकोनात कुणीच राहत नाही, तिथे कुणीतरी मुद्दाम जाऊन बसतं आणि इतरांना तो 'देतं'. काका असे देणारे आहेत.

मी नोकरीसाठी इंदूरला आलो आणि विजय नगरात त्यांच्या शेजारचा फ्लॅट घेतला, त्या दिवशी त्यांनी विचारलं, "कुठले तुम्ही?"

"सांगलीचा."

"अच्छा, मतलब एमके सेव्हन सिक्स!" त्यांचा चेहरा गाववाला भेटल्यासारखा फुलला. तेव्हापासून मी 'सेव्हंटी सिक्स भिया' झालो. माझं खरं नाव त्यांना माहीत आहे की नाही, याची मला आजही शंका आहे.

काकांच्या दुर्दैवाने, की सुदैवाने, दोन बारक्या चौकोनांमधली रेघ बरोबर त्यांच्या फ्लॅटमधून जाते. हॉल डब्ल्यूएसमध्ये, स्वयंपाकघर डब्ल्यूआरमध्ये. त्यांनी फरशीवर तशी पांढरी पट्टीसुद्धा चिकटवली होती. सुमनकाकूंनी ती दिवाळीच्या साफसफाईत सुरीने खरवडून काढली, पण सवलत मात्र घेतली. "चहा डब्ल्यूआरमध्ये झालाय," त्या आतून ओरडतात. "पाहिजे असेल तर बॉर्डर ओलांडा. आम्ही बाहेर एक्स्पोर्ट करत नाही."

घराबाहेर पडले की काकांचा थाट आणखी वेगळा. फोनमध्ये चौकोन सांगणारी चार अ‍ॅप्स, गळ्यात जीपीएसचं यंत्र, खिशात घड्या पडून फाटायला आलेला कागदी नकाशा. इतकं कशाला, असं विचारलं तर म्हणतात, "एकाचं ऐकलं तर माणूस फसतो, भिया. चौघांचं ऐकलं की भांडण होतं. मग नकाशा पंच!" सोसायटीची सहल उज्जैनला निघाली होती, तेव्हा सांवेरच्या पुढे ते भर बसमध्ये उभे राहिले आणि दोन्ही हात वर करून ओरडले, "लागलं! सेव्हंटी थ्री लागलं!" मागच्या बायकांना वाटलं महाकालाचं शिखर दिसलं. सगळ्यांनी हात जोडले. खिडकीबाहेर सोयाबीनचं शेत होतं.

हे सगळं आम्ही हसून घेत होतो. एक गोष्ट मात्र खटकायची. दर भाऊबीजेला हा माणूस सकाळीच सेट, बॅटरी आणि तारेचं भेंडोळं गाडीत टाकून गायब व्हायचा. सख्खी थोरली बहीण नागपुरात. तिला भेटायला जायचं सोडून हे कुठल्या तरी माळावर बसून परक्या लोकांना हॅलो हॅलो करणार! माझ्या बायकोने, स्मिताने तर निकालच देऊन टाकला होता. "जमिनीवरून फाटलं असणार. त्याशिवाय माणूस भाऊबीजेला पळत नाही."

यंदा दिवाळीच्या तोंडावर काकांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि गाडी चालवायची बंदी आली. भाऊबीजेच्या आदल्या दिवशी काळा चष्मा लावून ते आमच्या दारात उभे. एरवी फर्मान सोडणारा माणूस त्या दिवशी अजीजीने बोलत होता.

"सेव्हंटी सिक्स भिया, उद्या गाडी चालवाल? खंडवा रोडला, सनावदच्या जरासं पुढे. मला एटी वनमध्ये पोचायचंय. साडेदहाला एक स्टेशन वाट बघणारे."

"कुठलं स्टेशन?"

"आहे एक. एटी वन पाहिजेच त्यांना. मागच्या साली आवाज फार खोल गेला होता. या साली चुकलं तर... चुकवायचंच नाही, बस्स."

माझी बहीण सांगलीत. तिचं ओवाळणं फोनच्या पडद्यावर होतं आणि ते संध्याकाळी असतं. मी हो म्हटलं. स्मिताने माझ्याकडे असं पाहिलं, जणू पळून जाणाऱ्याला मीच शिडी लावत होतो.

सकाळी निघालो. सिमरोल गेलं, घाट उतरला. पोह्यांसाठी थांबू या म्हटलं तर काका "नंतर, नंतर" म्हणाले. इंदूरचा माणूस पोह्यांना नंतर म्हणतो म्हणजे प्रकरण गंभीर, हे मी तेव्हाच ओळखायला हवं होतं. मोरटक्क्याच्या पुलावर त्यांनी नर्मदेला हात जोडले, पण नजर गळ्यातल्या यंत्रावरच. आणि सनावदच्या पुढे व्हायचं तेच झालं. दोन अ‍ॅप्स म्हणाली एटी वन आलं. तिसरं म्हणालं अजून एटी टूच. चौथ्याला नेटवर्क नव्हतं.

काकांनी मला गाडी थांबवायला लावली आणि नकाशा, यंत्र, फोन घेऊन रस्त्याच्या कडेने येरझारा सुरू केल्या. चार पावलं पुढे, आकडे वाचायचे, दोन मागे. बघता बघता गाव गोळा झालं. एक पागोटेवाले म्हातारे दादाजी पुढे आले.

"साब, फोरलेन किधर से निकाल रिये हो?"

"फोरलेन नहीं, दादाजी. चौकोन ढूंढ रहा हूं."

"तो चौक बना रिये हो?" दादाजींचा चेहरा पडला. "साब, मेरे खेत के उस पार बना लो. इधर कपास खड़ी है."

लगेच चहा आला, खाट आली. शेजारच्या शेतवाल्याने त्याहून मोठी खाट आणली. चौक दुसऱ्याच्या शेतात ढकलण्यासाठी चाललेला तो पाहुणचार बघून मला हसू आवरेना, पण घड्याळ साडेदहाकडे सरकत होतं आणि काकांच्या कपाळावर घाम आला होता. मी त्यांना बाजूला घेतलं.

"काका, इथे काय आणि फर्लांगभर पुढे काय, सगळा कापूसच आहे. इथूनच सांगून टाका ना एटी वन. कुणाला कळणार आहे?"

काकांनी चष्मा काढला. ते इतके दुखावलेले मी कधी पाहिले नव्हते.

"भिया, बहिणीला खोटी ओवाळणी घालू?"

मला एकदम सगळं उमगलं, आणि स्वतःची, स्मिताची, सबंध सोसायटीची लाजही वाटली.

गाडी पुढे घेताना काका तुटक तुटक बोलले. ताई आणि ते, दोघांनी रेडिओची परीक्षा एकत्र दिली होती. भटकंतीचं वेड मुळात ताईचं. आता पाय गेले; घर, खिडकी आणि चाकाची खुर्ची. "मी जायचो ना नागपूरला. तर एका भाऊबीजेला म्हणाली, तू इकडे येऊन मला काय मिळतं रे? नागपूर तर माझ्या खिडकीतच आहे. साड्या ठेवायला जागा नाही. मला एक नवा चौकोन दे. तू तिथे जाऊन बस, मी येते." तेव्हापासून दरवर्षी एक.

टेकाडाच्या पलीकडे यंत्रं एकदाची एकमताची झाली. दादाजी आणि खाटा आमच्या मागोमाग आल्याच होत्या. त्याच लोकांनी उंच बांबू धरला, बाभळीला तार बांधली. काकांनी सेट लावला. खरखर, कुठलीशी शिट्टी, पुन्हा खरखर. काका हाका मारत राहिले. पाच मिनिटं गेली, दहा गेली. काकांचा आवाज चढत चालला, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा एखादा चौकोन मिळावा म्हणून देवाला हात जोडले.

मग त्या खरखरीतून एक बारीक, ओढलेला, पण चांगलाच हुकमी आवाज आला.

"अरू, किती उशीर! कुठायस?"

"एमएल एटी वन, ताई! एमएल एटी वन. कन्फर्म?"

"एमएल एटी वन. मिळाला." थोडी खरखर. "आता बेअरिंग सांग."

मला वाटलं हेही रेडिओचंच काहीतरी. काकांनी यंत्र पाहिलं, नकाशा पाहिला. "तुला पश्चिम, ताई, थोडीशी उत्तरेला. मी पूर्वेला तोंड करून बसतोय."

"थांब, खुर्ची वळवून घेते. कमल, दिवा लाव ग. अरू, डोक्यावर काही घेतलंस का? बोडक्याने बसू नकोस."

टोपी नव्हती. दादाजींनी काही न विचारता खांद्यावरचा गमछा पुढे केला. काका तो डोक्यावर घेऊन, मांडी घालून, कापसाकडे तोंड करून बसले. सव्वातीनशे किलोमीटरवर एक म्हातारी बाई त्यांच्या दिशेने दिवा ओवाळत होती. सेटमधून काही ऐकू येत नव्हतं, तरी सगळं गाव चिडीचूप उभं होतं. आपलं शेत वाचवायला आलेले ते लोक कशासाठी गप्प झाले, कोण जाणे.

"झालं," ताईचा आवाज आला. "शंभर वर्षं जग. बोल आता, ओव्हर."

या सेटवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं. बोलताना बटण दाबून धरायचं, सोडलं की पलीकडच्याची पाळी. काकांनी बटण दाबलं. तोंड उघडलं. दिवसभर पृथ्वीशी बोलणाऱ्या या माणसाला शब्द फुटेना. ते नुसते बटण धरून बसले. वाऱ्याचा आवाज, कुठल्या तरी बैलाची घंटा आणि काकांचा श्वास, एवढंच नागपूरला जात राहिलं. बऱ्याच वेळाने त्यांनी बोट उचललं.

"हो रे," ताई म्हणाली. "आलं ऐकू."