दहात अठरा, बारात सोळा

चाळीस वर्षं लोकांची टिंगल करून मी पोट भरलं. मंत्री, संपादक, संमेलनाध्यक्ष, सगळ्यांचे निकाल लावले. तेव्हा दोन शेजाऱ्यांचं भांडण मिटवणं म्हणजे माझ्या हातचा मळ, असं मी ओमानमधल्या सीबला मुलीच्या घरी ठणकावून सांगितलं.

भांडण माझा जावई जयप्रकाश आणि समोरच्या फ्लॅटमधले रत्नागिरीचे शरीफभाई यांचं. विषय अमेरिकेतलं कॉलेज बास्केटबॉल! दोघांनीही जन्मात तो चेंडू हातात धरलेला नाही. पण माझी नात देविका जिथे शिकते ते कॉलेज 'बिग टेन' नावाच्या गटात खेळतं आणि शरीफभाईंच्या लेकीचं, उमामाचं, 'बिग ट्वेल्व'मध्ये. कोणता गट भारी, यावरून दोघांची बोलाचाल बंद.

बंद तर बंद, माझं काय गेलं? माझं शुक्रवारचं जेवण गेलं! नमाजनंतर शरीफभाईंकडे दोन्ही घरांची पंगत बसायची. अमीरुन्निसाभाभींचं सुरमईचं कालवण आणि वर नारळाच्या रसात भिजलेली सांदणं. एरवी आठवडाभर माझी मुलगी सुरेखा रक्तदाबाच्या नावाखाली मला बिनमिठाचे ओट्स चारते. घोडासुद्धा तक्रार करील अशी ती लापशी. आता शुक्रवारीही तीच!

मी पंच झालो.

शरीफभाईंनी लिफ्टमध्ये गाठून बाजू मांडली. "भाऊसाहेब, तुमीच सांगा. बारा दहाला भारी का नाय?"

जयप्रकाश म्हणाला की बिग टेनमध्ये मुळात अठरा संघ आहेत. मी चष्मा पुसून खात्री केली. खरंच अठरा! आणि बारात सोळा. ज्यांना आपल्या घरची माणसं मोजता येत नाहीत, त्यांच्याकडे आमच्या पोरी संख्याशास्त्र शिकायला गेल्यात. हा संताप गिळून मी कामाला लागलो.

पद्धत माझीच. प्रत्येक गटात संघ आपापसांत खेळतात, त्या सामन्यांचा तक्ता घ्यायचा. बाहेरच्यांशी झालेले सामने गाळायचे, कारण घरची ताकद घरातच कळते. मग गटातले सगळे विजय आणि सगळे पराभव यांची बेरीज. विजय जास्त तो गट भारी. इतकं सोपं सूत्र त्या अमेरिकनांना सुचू नये!

बेरीज आली आणि माझ्या अंगावर काटा आला. बिग टेनचे जितके विजय, तितकेच पराभव. बिग ट्वेल्वचंही तंतोतंत तेच. पुन्हा केली, पुन्हा तेच. असा तराजू परमेश्वरच धरू शकतो.

शुक्रवारी शरीफभाईंच्याच दिवाणखान्यात दोघांना समोरासमोर बसवून मी धीरगंभीर आवाजात निकाल दिला. दोन्ही गट बरोबरीत.

आभार राहिले बाजूला! जयप्रकाशचं म्हणणं, सांदणांसाठी सासरे फितूर झाले. शरीफभाईंचं म्हणणं, ज्याच्या घरी राहतो त्याच्याविरुद्ध निकाल कोण देईल? चाळीस वर्षांत मंत्र्यांनीसुद्धा माझ्या सचोटीवर शंका घेतली नव्हती. मी इतका ओरडलो की भाभी पदराला हात पुसत धावत आल्या. शेवटी मीच देविकाला व्हिडिओ कॉल लावला आणि सगळी पद्धत सांगितली. म्हटलं, सांग यांना.

ती अडखळत म्हणाली, "आजोबा, ते एकमेकांशीच खेळतात ना? एक जिंकला की दुसरा हरतो. मग टोटल... ऑलवेज सेमच येणार."

शरीफभाईंच्या खांद्यांना हिसके बसू लागले. जयप्रकाशने उशीत तोंड खुपसलं. दोघं एकमेकांच्या गळ्यात पडून हसले, डोळे पुसले, पुन्हा माझ्याकडे पाहून हसले.

"खलास," शरीफभाई म्हणाले. "जेपी, यल्ला, चल, जेवण थंड होतंय."

म्हणजे भांडण मिटलं. मीच मिटवलं, याची नोंद कुणी घेतली नाही ती गोष्ट वेगळी. मी ऐटीत पंगतीत बसलो. सुरमईचा वास नाकाशी आला, तोच सुरेखाने माझ्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा गुंडाळला. ओरडण्याचा व्हायचा तो परिणाम झालाच होता.

"बाबा," ती म्हणाली, "आज तर अजिबात नाही." आणि समोरच्या दारातून ओट्सचा वाडगा घेऊन आली.

नातीचं गणित बरोबर होतं. एक जिंकला की दुसरा हरतो. इथे तर दोघं जिंकले होते; दोघांच्या वाटचं हरणं माझ्या वाडग्यात होतं.