छायाप्रतीतला मामा

मेतोदी काराजोव्ह स्वतःला सेव्हलिएव्हो गावाचा तिसरा डोळा म्हणवून घेत. उरलेल्या दोन डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता, पण त्याचा उल्लेख करायची त्यांना गरज वाटत नसे. "एकतीस वर्षं बसमध्ये तिकीट तपासनीस होतो मी," ते सांगत. "विनातिकीट माणूस नुसत्या कपाळावरून ओळखायचो. अशी बुद्धी शतकात एकदाच जन्माला येते. या शतकात ती माझ्याकडे आली, त्याला मी काय करू?" हे रोज ऐकून घ्यायचं काम त्यांचा मेहुणा झेल्याझ्को करी. बहीण दिली होती, त्यामुळे तक्रारीला जागा नव्हती.

या वेळची केस मात्र झेल्याझ्कोच्या घरचीच निघाली. त्याच्या मुलीचं, रालित्साचं लग्न येत्या रविवारवर आलं होतं, आणि मंगळवारी सकाळी नवऱ्या मुलाची आई पारास्केवाबाई दारात उभी राहिली. तिने टेबलावर लग्नपत्रिका आपटली. मानाची पहिली पत्रिका तिलाच गेली होती.

"हे काय आहे, व्याही?"

"पत्रिका आहे, विहीणबाई."

"पत्रिका मलाही दिसते. पत्रिकेत माझा भाऊ का दिसतोय?"

झेल्याझ्कोने चष्मा लावला. वधूवरांच्या नावांमागे, फिकट राखाडी रंगात, स्तामेन हसत होता. स्तामेन म्हणजे नवऱ्या मुलाचा मामा. तो वारला होता, आणि त्याचा चाळिसावा, म्हणजे चाळीस दिवसांचा विधी, शनिवारीच झाला होता.

"चाळिसावा उरकला नाही तोच आपण नाचायला निघालो," पारास्केवाबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "आवडलं नाही त्याला. सांगायला आलाय. तो नको म्हणत असेल, तर हे लग्न होणार नाही."

आतल्या खोलीत रालित्साचं शिवणयंत्र थांबलं. एकुलती एक पोर, आणि मुलगा तिने स्वतः पसंत केलेला.

मेतोदींना बोलवावं लागलंच नाही. ते येऊन बसलेच होते.

"मेलेला माणूस पत्रिकेवर येत नाही," त्यांनी विहीणबाई गेल्यावर निकाल दिला. "ज्या अर्थी स्तामेन आला, त्या अर्थी तो जिवंत आहे."

"दाजी, आपण दोघांनी त्याला खांदा दिलाय."

"तेव्हाच मला पेटी हलकी लागली होती."

"तुम्ही सारखे मागे राहून घाम पुसत होता, म्हणून."

मेतोदींनी वहीत काहीतरी खोडलं. "मग दुसरी शक्यता. कोणीतरी आपल्याला मामा बनवतंय."

"मामा आधीच आहे त्यात, दाजी. तोच तर घोटाळा आहे."

पत्रिका त्सोन्काच्या झेरॉक्सच्या दुकानातून काढल्या होत्या, तेव्हा दोघे तिकडे निघाले. गावात माणूस गेला की घरचे आधी पाद्र्याकडे जातात आणि मग त्सोन्काकडे. गेलेल्याचा फोटो टाकून ती शोकपत्रकं छापते. ती दारांवर, खांबांवर, बसथांब्यावर लागतात. चाळिसाव्याला नवी, सहा महिन्यांनी नवी, वर्षाने पुन्हा नवी. सेव्हलिएव्होत मेलेल्या माणसाला जिवंतांपेक्षा जास्त लोक ओळखतात.

"माझ्या मशीनला नाव ठेवायचं नाही," त्सोन्काने आधीच बजावलं. "महिन्यापूर्वी खास व्हिएन्नाहून माणूस येऊन गेलाय. आतला रूळ नवा टाकलाय."

मेतोदींनी भिंगातून मशीनची काच तपासली. एक केस सापडला. तो त्यांचाच होता.

"स्तामेनशी तुमचे संबंध?" त्यांनी डोळे बारीक करून विचारलं.

"त्याच्याकडून तीस वर्षं पाव घेतला."

"पाव," मेतोदींनी लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. "आता प्रयोग. हे माझं तपासनिसाचं ओळखपत्र. माझा फोटो मोठा करून काढा. या चेहऱ्यासमोर भलेभले गुन्हेगार उघडे पडलेत, यंत्राची काय कथा."

मेतोदी टोपीसकट बाहेर आले, झकास उमटले. "बघा. यंत्र निर्दोष आहे. आता लगेच एक नवी पत्रिका काढा." गरमागरम पत्रिका त्यांनी न बघताच घडी घालून झेल्याझ्कोच्या हातात कोंबली आणि त्याला बाजाराकडे पिटाळलं.

पारास्केवाबाईची बाजारात कात्मीची गाडी होती. कात्मी म्हणजे तिकडचं घावन. वर मध किंवा पांढरं चीज. तिने पत्रिकेची घडी उघडली. वधूवरांच्या नावांमागून मेतोदी काराजोव्ह टोपी घालून तिच्याकडे संशयाने बघत होते.



"याच्यापेक्षा माझा मेलेला भाऊ बरा होता," ती म्हणाली आणि तिने गॅस बंद केला. "चला. मला दाखवा ते मशीन."

त्सोन्काने कुरकुरत बाजूचं झाकण उघडलं. आत एकमेकांना चिकटून दोन रूळ होते. त्यांच्यामधून कागद जातो, उष्णतेने काळी पूड वितळते आणि कागदाला चिकटते, असं तिने समजावलं. पारास्केवाबाईने वाकून पाहिलं. वरच्या रुळावर राखाडी पुटं चढली होती.

"हा तवा आहे," ती म्हणाली.

"रूळ," मेतोदींनी दुरुस्ती केली.

"तापतो ना? मग तवाच. आणि कोरडा खडखडीत. तव्याला तेलाचं फडकं फिरवलं नाही, तर पहिलं घावन थोडं चिकटून राहतं आणि दुसऱ्याला लागतं. आधी माझ्या भावाची पत्रकं काढलीस ना गं? आणि पाठोपाठ पत्रिका?"

"पाठोपाठ," त्सोन्का पुटपुटली. "पण तेल असतं याला. त्या व्हिएन्नावाल्याने भरलं. बाटली दाखवून खुणेनं विचारलं, भरू का? मी मान हलवली."

"कशी हलवली?" झेल्याझ्कोने विचारलं. त्याने दोन वर्षं व्हिएन्नात विटा वाहिल्या होत्या.

त्सोन्काने मान डावीउजवीकडे हलवली. गावातला कोणीही शहाणा माणूस होकार द्यायला हलवतो, तश्शी.

"तिकडे याला नाही म्हणतात, त्सोन्काताई."

खालच्या खणात तेलाची बाटली निघाली. बूच शाबूत होतं.

"यात परकीय हात असल्याचा मला पहिल्यापासून संशय होता," मेतोदी म्हणाले. त्यांच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

पारास्केवाबाई स्टुलावर बसली. "म्हणजे तो आला नव्हता."

"नाही, विहीणबाई."

"रागावलाही नाहीये."

"स्तामेन कधी कोणावर रागावला होता का?"

तिने पदराने नाही, पीठ लागलेल्या एप्रनने डोळे पुसले. "होऊ द्या लग्न," ती म्हणाली. "रविवारीच होऊ द्या."

रालित्साला कधी एकदा सांगतो असं झेल्याझ्कोला झालं. त्याने घाईघाईने बाटलीचं बूच फिरवायला घेतलं, तेवढ्यात विहीणबाईने त्याचं मनगट धरलं.

"जरा थांबा, व्याही. तेल मागाहून घाला." ती त्सोन्काकडे वळली. "आधी दोनचार कोरे कागद काढ आणि या साहेबांना तव्यावरून घालव. मग स्तामेनचं पत्रक लाव काचेवर, आणि त्याच्यामागून लगेच एक पत्रिका. एकच. माझ्यासाठी."

त्सोन्का तिच्याकडे बघत राहिली.

"बघतेस काय," पारास्केवाबाई म्हणाली. "लग्नाला मामा नको का?"

त्सोन्काने झाकण लावलं आणि बटण दाबलं.