भरतराव जाळं फेकतात

भरतरावांनी ठरवून टाकलं: निवृत्तीनंतर विकतचं काही खायचं नाही! आपट्याला पाताळगंगा नदीच्या काठी अकरा गुंठे घेतले. शेणानं अंगण सारवायला शिकले. चूल पेटवताना भुवया फक्त एकदाच जळल्या. आता मासा तेवढा राहिला होता. आणि बायको.

"रविवारी तुमच्या हातानं पकडलेल्या माशाचं कालवण खाऊ घाला," दिपानं बजावलं होतं. "मग करंजाड्याचा फ्लॅट सोडते. नाहीतर तुम्ही आणि तुमचं शेण इथं, मी तिथं!"

भरतरावांनी जाळं फेकण्याचे एकवीस व्हिडिओ पाहिले, वही भरली आणि वाडीवरच्या कान्हाला बोलावलं. कान्हा कातकरी. नावावर वीतभर जमीन नाही. जन्मभर नदीतलं धरून, रानातलं खणून जगलेला. तो असा जगला तर मागासलेला, भरतराव जगले की स्वावलंबी! वर त्यालाच विज्ञान शिकवायला निघाले.

"हे बघ, हाताचा कोन जर पंचेचाळीस अंश..."

"वही ठेवा, दादा. ह्यो जाल्याचा काठ दातात धरा. कमरंतनं फिरा. हातातनं जालं सुटलं का तोंड उघडायचं. इसरायचं नाय!"

"अरे, तीस वर्षं कचेरीत काढली. तोंड उघडायला मला शिकवतोस?"

"कान्हा, त्यांना बंद करायला शिकव!" रविवारी मुद्दाम बघायला आलेली दिपा काठावरून म्हणाली.

झालं! भरतराव पेटले. रागानं दात आवळून गर्रकन फिरले आणि फेकलं! जाळं पापडासारखं गोल उघडलं. तोंड काही उघडलं नाही. ते जाळ्यानंच उघडलं. वरची कवळी सुटली, उन्हात एकदा चमकली आणि पाताळगंगेत गडप!

"फा! फा!" भरतराव तोंडात बोट घालून नाचायला लागले.

जाळ्याची शिशाची गोळीच गिळली, असं समजून कान्हानं पाठीत असा दणका घातला की भरतराव थेट पाण्यात! तिथं ते जाळं सोडून चिखल चाचपायला लागले.

"आधी जालं वढा!" कान्हा ओरडला. "मासं पलतील! तुमीच वढा, वैनींची अट हाय!"

भरतरावांनी ओढलं. सहा बोयटं आणि मूठभर कोलंबी! दात मात्र नाहीत. कान्हानं तीन बुड्या मारल्या. तिसऱ्या बुडीत कुणाची तरी चप्पल मिळाली.

दुपारी कालवण रटरटलं. दिपानं काटे काढत निवांत ताव मारला. समोर भरतराव पेज भुरकत बसलेले. बोलायला जावं तर नुसती हवा!

तिसरं बोयट संपवून ती म्हणाली, "सोडला फ्लॅट!"

भरतराव टुणकन उठले, मोटारसायकलची किल्ली घेतली आणि पनवेलच्या दाताच्या डॉक्टरकडे निघाले.

"बसा हो," दिपा कोलंबी सोलत म्हणाली. "लग्न झाल्यापासून इतकं शांत जेवण पहिल्यांदा मिळालंय, म्हणून तर राहतेय. दातांची घाई केलीत तर चालले मी करंजाड्याला!"